मुगाचा मोड आणि चित्रबिंदू

प्राथमिक शाळेच्या वर्गात कॅमेरा शिरतो तो बहुधा स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काढण्यासाठी किंवा अहवालाला जोडायच्या पुराव्यासाठी. त्याच कॅमेऱ्याने मुलांना मोजमाप शिकवता येते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. अंकीय प्रतिमा ही मुळात लहान लहान चौकोनांची जाळी असते, या प्रत्येक चौकोनाला चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात, आणि रंगीत चित्रात त्याचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रमाणावरून ठरतो, जे प्रमाण सामान्यतः 0 ते 255 या आकड्यांत नोंदवले जाते. गणिताच्या चौकटींच्या वहीत एकेक घर रंगवून फूल काढणाऱ्या मुलाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. रसेल किर्श यांनी 1957 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले, तेव्हा ती जाळी अवघी 176 गुणिले 176 घरांची होती.

चित्र म्हणजे मोजता येणारी घरे, हे एकदा ध्यानात आले की मोड आलेला मूगही गणिताचा विषय होतो. मुगाशेजारी पट्टी ठेवून रोज ठरावीक वेळी, ठरावीक अंतरावरून आणि अगदी वरून छायाचित्र घेतले, आणि त्यात पट्टीवरील 10 मिलिमीटरचे अंतर 400 चित्रबिंदूंत मावत असेल, तर 600 चित्रबिंदू लांबीचा मोड 15 मिलिमीटरचा आहे, हे चौथीतले मूलही साध्या भागाकाराने काढू शकते. पट्टी मात्र मुगाच्याच पातळीवर हवी, कारण कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते आणि सारा हिशेब बिघडतो. ही चूक मुलांना एकदा करू द्यावी, कारण अचूक उत्तराइतकेच तीही शिकवते. संशोधक वापरतात त्या इमेज-जे या मोफत संगणकप्रणालीतही ज्ञात लांबीवरून प्रमाण ठरवण्याची पद्धत हीच आहे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंसाठी मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवलेला फोल्डस्कोप, म्हणजे कागदाची घडी घालून तयार होणारा सूक्ष्मदर्शक, उपयोगी पडतो. त्याच्या मण्याएवढ्या भिंगातून वस्तू सुमारे 140 पट मोठी दिसते आणि त्याला मोबाइलचा कॅमेरा जोडता येतो. कांद्याच्या पातळ पापुद्र्यातील पेशी अशा रीतीने पडद्यावर आल्या, की एरवी एकेकाने डोळा लावून पाहायची गोष्ट साऱ्या वर्गाला एकदम दिसते, आणि कोणाला काय दिसले यावर वादही घालता येतो. तयार चित्रफीत दाखवण्यापेक्षा हा वाद अधिक मोलाचा, कारण चित्रफितीत काय पाहायचे ते आधीच कोणीतरी ठरवलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी तेच छायाचित्र ताणत नेले, तर पेशींचा आणखी तपशील उमटत नाही, जाळीतले चौकोन तेवढे मोठे होतात, आणि त्यापुढचे काही पाहायचे असल्यास पुन्हा भिंगाकडेच वळावे लागते.