माकुलाचा मज्जातंतू

चेतापेशीतला विद्युतसंदेश तारेतल्या विजेसारखा इलेक्ट्रॉनच्या प्रवाहाने जात नाही. विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उद्दीपन पुरेसं झालं की आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात आणि सोडियमचे धनभारित आयन आत घुसतात. क्षणभर आतली बाजूच धन होते. मग सोडियमची दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि तोल सावरतो. एका ठिकाणचा हा सारा खेळ साधारण एक-दोन मिलिसेकंदांचा, पण तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात. संदेश असा पुढे सरकतो.

हे कळलं ते माकुलामुळे, म्हणजे स्क्विडमुळे. त्याचा एक मज्जातंतू तब्बल अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी त्याच्या आत बारीक इलेक्ट्रोड सरकवून हा बदल थेट मोजला. लगेच महायुद्ध पेटलं आणि काम थांबलं. युद्धानंतर ते पुन्हा सुरू झालं आणि या बदलाचं वर्णन करणारी समीकरणं तयार झाली. केंब्रिजचा संगणक बंद असल्याने हक्स्ली यांनी ती हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली. आकड्यांतून उमटलेला आलेख प्रयोगातल्या आलेखाशी जुळला. विज्ञानात इतका निखळ आनंद क्वचितच लाभतो! हे संशोधन १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९६३ मध्ये दोघांना जॉन एकल्स यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आपले तंतू कितीतरी बारीक. तरी मायलिन नावाच्या वेष्टणामुळे काहींतला संदेश सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेग गाठतो.