पात्याला बिजागरी कशाला?

हेलिकॉप्टर म्हणजे डोक्यावर सीलिंग फॅन बसवलेली गाडी, अशी आपल्यातल्या बऱ्याच जणांची समजूत असते. मेकॅनिकलवालेही याला अपवाद नाहीत! फॅन हवा खाली ढकलतो, हेलिकॉप्टरही हवा खाली ढकलतं आणि स्वतः वर उचललं जातं. इथपर्यंत ठीक. पण फॅन एकाच जागी फिरतो, हेलिकॉप्टरला पुढे जायचं असतं. खरी गोची तिथेच होते.

आपल्या सैन्याचं 'चीता' घ्या. त्याच्या रोटरचा व्यास सुमारे 11 मीटर, आणि मिनिटाला साधारण 350 फेरे. गणित करा, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 200 मीटर येतो. आता चीता ताशी 180 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 50 मीटरने, पुढे निघालं. पुढे जाणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा 250 च्या वेगाने भेटते, मागे येणाऱ्याला फक्त 150 ने. लिफ्ट (आपल्या होस्टेलची कायम बंद असते ती नव्हे!) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे कोन सारखाच ठेवला तर एका टोकाला दुसऱ्याच्या पावणेतीन पट उचल. मशीन कुशीवर पालथं होणार, दुसरं काय?

हे कोडं सोडवलं हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश इंजिनियरने. 1919 साली त्याचं तीन इंजिनांचं विमान कमी वेगात स्टॉल होऊन कोसळलं. तेव्हा वेग कमी झाला तरी पडणार नाही असं विमान बनवायचंच, असं त्याने मनावर घेतलं. त्यातून ऑटोगायरो आलं: पुढे नेहमीचा पंखा, आणि वर इंजिनाशिवाय नुसत्या वाऱ्यावर फिरणारा रोटर. पहिली मॉडेल्स घट्ट पात्यांची होती आणि ती कलंडत. मग त्याने प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं, दाराला असते तशी, फक्त आडवी. जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ त्याचं सी-4 नीट उडालं.

बिजागरी करते काय? जास्त उचल मिळणारं पातं वर जायला लागतं. वर जाताना त्याला वरून हवा लागते, म्हणून हवेशी होणारा त्याचा कोन कमी होतो आणि उचल घटते. पलीकडचं पातं खाली येतं, त्याचा कोन वाढतो, उचल वाढते. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, दोन्ही बाजूंचा हिशेब आपोआप जुळतो. मला तरी या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात सुंदर आयडिया वाटते.

मग एवढं वजन पेलताना पाती छत्रीसारखी वर का मिटत नाहीत? समजा एक पातं 30 किलोचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य अडीच मीटरवर आहे. 350 फेऱ्यांना ते दहा टनांच्या जोराने बाहेर ओढलं जातं! उभ्या हेलिकॉप्टरची मरगळलेली पाती सुरू झाल्यावर ताठ होतात ती यामुळेच.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. टोकाचा वेग जास्त म्हणून पात्याला पीळ देतात, मुळाशी कोन मोठा, टोकाशी लहान. आणि पायलट सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून वर-खाली जातो, तर फेरीत एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी ठेवून दिशा बदलतो.

एचएएलच्या 'ध्रुव'ने 1992 साली पहिलं उड्डाण केलं. त्याच्या चार पात्यांना अशी बिजागरीच नाही. मुळाशी कॉम्पोझिटचा भाग मुद्दाम लवचिक ठेवलाय, तोच वाकून ते काम करतो. मेटल वारंवार वाकवलं तर फटीगने तुटेल, कॉम्पोझिट खूप जास्त टिकतं. मटेरियल्सचं लेक्चर बंक करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: इंजिन बंद पडलं तर? दगडासारखं खाली? नाही. पायलटने ताबडतोब पात्यांचा कोन कमी केला, तर खाली येताना खालून येणारी हवाच रोटर फिरवत ठेवते, म्हणजे हेलिकॉप्टरचं ऑटोगायरो होतं. जमिनीजवळ कोन पुन्हा वाढवायचा. रोटरमध्ये साठलेली ऊर्जा तेवढ्यात खर्च होते आणि वेग मारला जातो. चान्स मात्र एकच.

ज्या फ्रेंच 'लामा'च्या लायसन्सवर आपलं चीता बनलं, त्यात बसून झाँ बूले 21 जून 1972 रोजी 12,442 मीटर उंच गेला. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! तिथे त्याचं इंजिन विझलं आणि परत सुरू झालं नाही. तो संपूर्ण उंची नुसत्या फिरत्या पात्यांवर उतरला आणि सुखरूप टेकला.