परदेशी शिष्यवृत्ती आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्य

परदेशी उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती म्हणजे फी व प्रवासखर्च यांची तरतूद, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्यास उदरनिर्वाहाच्या चिंतेतून मुक्त असा काळ देते. आणि त्या काळात त्याने कशाचे अध्ययन करावे, हे पुष्कळदा तिच्या अटी ठरवितात. म्हणून रकमेइतकाच अटींचाही विचार अगत्याचा आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांपुढे तो मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयाचा आरंभ साताऱ्यातच सापडतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. तेरा वर्षांनंतर, जून १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याच विद्यार्थ्यास कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परतल्यावर १० वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता.

न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांनी काय अभ्यासिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९१५ सालचा एम. ए. चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. विद्यापीठ अमेरिकेतील, पण विषय भारताचा. आपल्या समाजाकडे दुरून व नव्या शास्त्राच्या साह्याने पाहता येणे, हाच त्या शिक्षणाचा मोठा लाभ होता. मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे अध्ययन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुढे प्राध्यापकीतील बचत, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्‌सी. झाले.

पाली विद्येचा अनुभवही निराळा नाही. याच सयाजीरावांनी धर्मानंद कोसंबी यांना महाराष्ट्रात राहून लेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये दिले. पुढे 'विशुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. पाली ग्रंथांच्या प्रकाशनाचे व्रत घेतलेली पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ साली स्थापन झाली तीही लंडनमध्ये. भारताविषयीचे ज्ञान भारतातच मिळते, असे म्हणता येत नाही.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ साली सुरू झाली. मात्र धर्मांतरित बौद्धांची गणना केंद्राच्या लेखी अनुसूचित जातींत होऊ लागली ती १९९० च्या दुरुस्तीनंतर. तोवर बौद्ध म्हणून नोंद असलेल्या विद्यार्थ्यास या हक्कावर दावा सांगता येत नव्हता. २०२१-२२ मध्ये या योजनेच्या जागा १२५ झाल्या. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिचे काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते.

२०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राने एक अट घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. अशी अट १९१३ साली असती, तर वर उल्लेखिलेले दोन्ही निबंध त्या शिष्यवृत्तीवर लिहिले गेले नसते. ज्या समाजाला स्वतःचा इतिहास इतरांनी लिहिलेला वाचावा लागला, त्याच्याच मुलांना तो विषय वर्ज्य करणे आम्हांस अन्यायाचे वाटते. बौद्ध विद्येच्या अभ्यासकांवर तर त्याचा आघात थेट होतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे? दरवर्षीची जाहिरात मुळातून वाचावी, कारण अटी बदलतात. विषय, वय, गुण, उत्पन्न आणि विद्यापीठाचे जागतिक क्रमांकन या पाच बाबी प्रथम पडताळाव्यात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, पारपत्र आणि गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती वर्षभर आधी मिळवाव्यात. इंग्रजीची परीक्षा आणि प्रवेशअर्जाचे शुल्क यांचा खर्च शिष्यवृत्ती हाती येण्यापूर्वीच करावा लागतो. माण, खटाव, जत वा आटपाडी येथील शेतमजुराच्या मुलाची वाट बहुधा येथेच अडते. गावोगावच्या विहारांनी व नोकरदार उपासकांनी या पहिल्या खर्चासाठी निधी उभारला, तर थोड्या रकमेत मोठे कार्य होईल. नवल भथेना यांचे कर्ज याच जातीचे होते: वेळेवर दिलेले, आणि विषयाची अट न घालता दिलेले.