जॅक गाडी उचलतो, पेलत नाही
पावसाळ्यात पालघर-बोईसर रस्त्याकडेची माती मऊ होते आणि जॅक रुततो. त्यामुळे चाक पंक्चर झाल्यास गाडी सपाट, टणक जागी घ्यावी. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावावा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकू शकते.

गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. तारापूर एमआयडीसीतल्या वसाहतीत घरीच दुरुस्ती करणाऱ्यांनी आधी पुरेशा वजनक्षमतेचे दोन जॅक स्टँड घ्यावेत, मग लांब दांड्याचा व्हील पाना. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक आधाराला नकोत, ते अचानक फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नये.