चार मीटर उरले की फोन खिशात

भेटायची जागा आकड्यांत कळवली होती. उत्तर २२ अंश ३३ मिनिटे, पूर्व ८८ अंश २० मिनिटे, आणि दोन्हींपुढे दशांशाचे तीन-तीन आकडे. कलकत्त्यात हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातून निघून मेट्रोने एस्प्लनेड गाठलं, वर येऊन आकडे फोनमध्ये भरले, तर बाण थेट शहीद मिनारकडे वळला. ‘मिनारखाली या’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. १८२८ सालचा हा ४८ मीटर उंच मनोरा चुकणार कसा? पण जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेली वस्तू शोधायच्या खेळात, मेळावासुद्धा एक ‘कॅश’, म्हणजे शोधायची वस्तूच, धरतात. किमान अर्धा तास तो भरवायचा. हजेरी लावली की तुमच्या खात्यावर एक शोध जमा.

बहुतेक मंडळी नवखी, कॉलेजातली. शिकवणारे जुने खेळाडू बंगाली होते. त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी आधी तो शेवटचा आकडा समजावला. अक्षांशातला तो एकने बदला, जागा जेमतेम दोन मीटर सरकते. एवढी नेमकी जागा पूर्वी सामान्य माणसाच्या हाती नव्हती, कारण अमेरिका नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० च्या सुरुवातीला ती बंद झाली आणि लगेच, ३ मे रोजी, ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी जंगलात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. खेळ तिथून सुरू झाला. कलकत्त्याला मापाचं वेड मात्र जुनं. १८३१-३२ साली बराकपूर ट्रंक रोडवर सर्वेक्षणाची पायारेषा मोजली. तिच्या टोकांचे मनोरे अजून उभे आहेत.

सरावासाठी आम्ही ईडन गार्डन्सच्या बागेत गेलो. स्टेडियमला खेटून असूनही ही बाग अनेकांना ठाऊक नसते. तळ्याकाठी लाकडी पॅगोडा आहे, ब्रह्मदेशातल्या प्रोमहून १८५४ मध्ये सुटा करून आणलेला. दादांनी रखवालदाराला सांगून तेवढ्या वेळापुरती एक वस्तू लपवली होती.

एक मुलगी फोन पुढे धरून निघाली. बारा मीटर, सात, चार, आणि मग एकदम अकरा. दाट झाडीखाली संकेत अडखळतो, बाण गरगरतो. ती त्याच्यामागे गोल फिरू लागली तसे दादा म्हणाले, “चार मीटर उरले की फोन खिशात. आता तू असतीस तर कुठे लपवलं असतंस?” ती थांबली. बाकाच्या लोखंडी पायाला ओळीने बोल्ट होते, सगळे गंजलेले. एक सोडून. तो ओढला तर सुटून हातात आला. मागे चुंबक, आत पोकळी, पोकळीत कागदाची गुंडाळी. नाव-तारीख लिहून गुंडाळी परत आत. दादांनी तिला बोल्ट होता तसाच, त्याच जागी लावायला लावला.

तेवढ्यात घोळ झाला. तिला बाकाखाली वाकलेली पाहून फिरायला आलेले एक काका धावले. “की हारियेछेन, दिदी?” ती काही सांगेपर्यंत आणखी दोघं गवत चाळू लागले होते, आणि त्यांच्यापुरतं हरवलेली ती वस्तू अंगठी ठरली होती. न खेळणाऱ्यांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात आणि त्यांच्या नजरेआड शोधायचा दंडक आहे. ओरेगनच्या रानात तो पाळता येत असेल. इथे बाकाखाली वाकलात की मदत आलीच. मला तर या शहरातला खरा खेळ हाच वाटतो: शोधण्यापेक्षा शोधत नसल्याचं सोंग अवघड.

कायमची डबी ठेवायची कुठे, यावर वाद रंगला. मिनारभोवतीचं मैदान लष्कराच्या ताब्यात. तिथे बेवारस डबी म्हणजे पोलिसांना आमंत्रण. शिवाय जागेच्या मालकाची परवानगी लागतेच. कोणी सुचवलं, आकडे मिनारचे द्या, तिथल्या फलकावरून पुढचे आकडे काढायला लावा, आणि डबी ठेवा ओळखीच्या चहावाल्याकडे.

चहावाल्याला विचारलं. त्याने भांडं पुढे करत उलट विचारलं, “येणारा प्रत्येक जण चहा घेणार ना?” दादांनी नकारार्थी मान हलवली, काही विकत घ्यायची सक्ती असलेली कॅश मंजूर होत नाही. “मग डबी तुमच्या घरी ठेवा,” असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.