ध्वनीनें पाहणें व छिद्रांतून शस्त्रक्रिया

बाजारांत मडकें घेतांना घरचीं वडील माणसें तें बोटानें वाजवून पाहतात. चीर डोळ्यांस दिसत नसली तरी नादावरून कळते. याच्याशीं नातें सांगणाऱ्या एका युक्तीनें आज स्त्रियांच्या उदरांतील व्याधि ओळखल्या जातात. ती युक्ति कशी निघाली हें आमच्या वाचकांस सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनि ऐकूं येतो. त्याहून जलद कंपनांचा ध्वनि पदार्थांत शिरतो, आणि जेथें एक थर संपून दुसरा लागतो तेथून त्याचा कांहीं अंश परत फिरतो. या प्रतिध्वनीस लागलेल्या वेळावरून थराची खोली काढतां येते. बॉयलरच्या सांध्यांतील चिरा शोधण्यास कारखान्यांत अशीं यंत्रें वापरीत असत. ग्लासगो विद्यापीठांतील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांना वाटलें कीं, लोखंडांतील चीर कळते तर पोटांतील गांठ कां कळूं नये? ता. २१ जुलै १९५५ रोजीं, शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून ते रेन्फ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यांत गेले. तुलनेसाठीं तेथें मांसाचा मोठा तुकडाहि ठेविला होता! भरीव गांठ व द्रवानें भरलेली गांठ यांचे प्रतिध्वनि अगदीं निरनिराळे उमटले.

पुढें एका स्त्रीचें पोट अतिशय फुगलें होतें. जठराचा कर्करोग बळावला असून शस्त्रक्रियेची वेळ टळली, असा निर्णय होऊन तिची आशा सुटली होती. डोनाल्ड यांच्या यंत्रानें मात्र द्रवानें भरलेली गांठ दाखविली. पोट उघडतांच बीजकोशाची प्रचंड गांठ निघाली. ती कर्करोगाची नव्हती, व बाई वांचली. हे अनुभव त्यांनीं आपले सहकारी वैद्य जॉन मॅकव्हिकर व तरुण यंत्रज्ञ टॉम ब्राउन यांसह ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध केले.

तपासणीपूर्वीं पुष्कळ पाणी पिण्यास कां सांगतात, असें कित्येक माता विचारतात. वायु ध्वनीस जवळजवळ संपूर्ण परत लोटतो, व आंतड्यांत वायु असतो. मूत्राशय भरला म्हणजे तो आंतड्यांस बाजूस सारतो, आणि गर्भाशयाकडे पाहण्यास जणूं पाण्याची खिडकीच उघडते. कातडीवर थंड, बुळबुळीत लेप लावतात तोहि मधली हवा घालविण्यासाठींच. यांत क्ष-किरण नसल्यामुळें गर्भिणीचीहि तपासणी करतां येते.

अशा उपकारक यंत्राचा उपयोग पोटांतील मुलगी ओळखून तिचा नाश करण्याकडे व्हावा, ही आम्हां सर्वांस खालीं मान घालावयास लावणारी गोष्ट आहे. महाराष्ट्रानें १९८८ सालीं व भारत सरकारनें १९९४ सालीं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदे केले. तपासणीगृहांतील पाट्या आमच्या वाचकांनीं पाहिल्याच असतील.

गांठ दिसली, ती काढावयाची कशी? पूर्वीं यासाठीं पोटावर वीतभर छेद घेत. आतां पुष्कळदां बेंबीपाशीं सुमारें एक सेंटिमीटरचा छेद घेऊन पोटांत कार्बन डायॉक्साइड वायु भरतात. हा वायु पेट घेत नाहीं, आणि रक्तांत विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोटाची भिंत तंबूसारखी उचलली गेली कीं दिव्यासह दुर्बीण आंत घालतात. याहून लहान दोनतीन छिद्रांतून कात्री व चिमटे जातात. जर्मनींतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनीं यासाठीं अनेक हत्यारें स्वतः रचिलीं. १९८० सालीं त्यांनीं याच रीतीनें आंत्रपुच्छ काढलें, तेव्हां शल्यवैद्यांनीं त्यांची निर्भर्त्सना केली. पुढें तीच पद्धति त्यांनीं उचलली!

रोगी लवकर हिंडूंफिरूं लागतो, हा मोठा लाभ. परंतु गांठ फारच मोठी असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर अद्यापि बहुधा मोठा छेदच घ्यावा लागतो. शिवाय ही विद्या हातास सोपी नाहीं. तरफेचा पाठ शिकलेल्या विद्यार्थ्यांस हें ताबडतोब कळेल. छिद्र हा टेंकू होतो. हात उजवीकडे नेला कीं आंतील टोंक डावीकडे जातें, आणि शल्यवैद्याची नजर तर पडद्यावर! म्हणून नवशिके वैद्य कित्येक तास एका बंद पेटींत मण्यांची उचलठेव करीत हात बसवितात.