इंग्रजीच्या पुस्तकातली कविता आपलीही आहे

माहूर म्हटले की रेणुकेचे देऊळ, दत्तशिखर आणि गड लोकांना आठवतो. पण याच गडाच्या परिसरात मोलमजुरी करून जगणारी बौद्ध कुटुंबे आहेत आणि त्यांच्याही घरात दरवर्षी दहावीची पुस्तके येतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजीच्या पुस्तकाची धास्ती तर साऱ्या घराला असते. धडा एकवेळ कळतो. कविता मात्र गाईडमधून उतरवायची, पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची, अशी रीतच पडली आहे. ‘कविता शिकून पोट भरते का?’ असे आईबाप विचारतात. दिवसभर उन्हात कापूस वेचून आलेल्या माऊलीने हे विचारले तर तिचे काय चुकले? परंतु तिला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसण्यासाठी वेगळे तरट होते. पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. अशा काळात सुभेदार रामजी बाबांनी घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून पक्की करून घेतली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. म्हणजे एका हाताने इंग्रजी आणि दुसऱ्या हाताने बुद्ध, अशी ती शिदोरी होती! ‘जातिभेद निर्मूलन’ हे १९३६ सालचे भाषण आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीत लिहिला. त्यांचा मूळ शब्द ज्याला वाचायचा आहे, त्याला इंग्रजीचे दार उघडावेच लागेल. त्यांच्याही आधी, १८५४ साली, सावित्रीमाईंनी ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजीला माऊली म्हटले होते.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, शाळा थोड्या, आणि आपल्या माणसाला तिथेही थारा नव्हता. हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. या मिलिंदचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून आले होते. तिथल्या काळ्या लेखकांनी आपले दुःख आणि आपला संताप शब्दांत कसा मांडला, हे त्यांनी आपल्या तरुणांना सांगितले. १९६७ साली तिथून ‘अस्मिता’ नियतकालिक निघाले. पुढे तेच डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ झाले आणि दलित साहित्याला हक्काचे घर मिळाले. इंग्रजी साहित्य वाचल्याने आपली माणसे आपल्या मातीपासून तुटली नाहीत. उलट, आपलेही जगणे लिहिण्याजोगे आहे, असा विश्वास त्यांना आला.

आता दहावीच्या पुस्तकाकडे वळू. २०१८ साली आलेल्या इंग्रजी कुमारभारतीत शेक्सपिअरची एक कविता आहे. ती मुळात ‘ॲज यू लाइक इट’ या नाटकातले भाषण आहे. जग ही रंगभूमी आणि माणूस तिच्यावर सात वेष घेतो, असा तिचा आशय. तान्हे बाळ, कुरकुरत शाळेला जाणारा मुलगा, प्रेमिक, सैनिक, न्यायाधीश, अंगावर कपडे ढिले पडलेला म्हातारा, आणि शेवटी दात नाहीत, दृष्टी नाही असे दुसरे बाळपण. हा शेक्सपिअर कोण? १५६४ साली जन्मलेल्या या माणसाचा बाप कातडे कमावून हातमोजे करणारा कारागीर होता. मुलाने विद्यापीठाची पायरी चढली नाही, तरी आज जगातली विद्यापीठे त्याची नाटके शिकवतात. तिथे आपल्यासारखी जात नव्हती, हे खरे. म्हणूनच कातड्याचा धंदा तिथे आड आला नाही, हेही मुलांना सांगावे.

आम्ही काही कार्यकर्ते कचेरीची नोकरी सांभाळून संध्याकाळी विहारात दहावीच्या मुलांना घेऊन बसतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, इंग्रजीचे पंडित नव्हे. ही कविता आम्ही आधी दोनदा मोठ्याने वाचून घेतली, मग एकेका ओळीचा अर्थ मुलांनाच आपल्या बोलीत सांगायला लावला. तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, या सात वेषांत बाई कुठे आहे? अन् आमच्या बापासारखा मजूर कुठे आहे?” एक मुलगा म्हणाला, “हा शाळेला जायला कुरकुरतो, बाबासाहेबांना तर शाळेत बसूसुद्धा देत नव्हते.” गाईडच्या कुठल्याही पानावर असे प्रश्न नसतात. नाटकात हे भाषण जॅक्विस नावाच्या एका उदास माणसाच्या तोंडी आहे. त्याचे म्हणणे जसेच्या तसे मानण्याची सक्ती नाही. तथागतांनी कालाम लोकांना हेच सांगितले होते: कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कविता अशी पारखून वाचली की तिच्यातली अनित्यताही कळते आणि तिच्यातले राहून गेलेलेही दिसते.

कविता पोट भरत नाही, हे खरे. पण वाचलेल्याचा अर्थ स्वतः लावता येणारा मुलगा अर्जातली मेख ओळखतो, कराराचा कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, मुलाखतीत मान खाली घालत नाही. म्हणून पालकांना आमची विनंती आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तरी रोज पंधरा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘काय म्हणतोय तो कवी?’ एवढेच विचारा. तुम्हाला समजावून सांगता सांगता त्याला कळेल. गाईडच्या पैशात आणखी थोडे घालून एक शब्दकोश घ्या. घरात एकच दिवा असेल तर तो आधी मुलीच्या वहीपाशी ठेवा. विहाराची चावी परीक्षेच्या महिन्यांत रात्री दहापर्यंत मुलांच्या हाती राहू द्या. शिकलेल्या बांधवांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसावे.

नामांतराच्या लढ्यात याच नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळेंनी १९७८ साली प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच वर्षी नांदेडलाही विद्यापीठ आले. ज्या दारांसाठी रक्त सांडले, त्या दारापर्यंत जाऊन आपले मूल इंग्रजीच्या भीतीने माघारी फिरता कामा नये.

जयभीम! नमो बुद्धाय!